मार्ग बरोबर, आकडे चुकीचे: विमानमार्गांच्या पडताळणीची पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या प्रवासी विमानांतली नॅव्हिगेटरची खुर्ची १९७०च्या दशकात रिकामी होत गेली. ताऱ्यांचे कोन मोजून नकाशावर रेघ ओढणाऱ्या माणसाचे काम इनर्शियल नॅव्हिगेशन म्हणजे आयएनएसकडे आले. ही यंत्रणा बाहेरचा कोणताही सिग्नल घेत नाही. विमानाच्या हालचालींवरून ती स्वतःची जागा काढत राहते. त्यामुळे निघताना विमान नेमके कुठे उभे आहे हे तिला अक्षांश-रेखांशांत सांगावे लागते, आणि त्या काळी पुढचे वेपॉइंट, म्हणजे मार्गावरचे ठरलेले बिंदूही एकेक करून हाताने भरावे लागत. यंत्रे अचूक होती. त्यानंतरच्या गाजलेल्या चुका बहुतांशी यंत्राला काय सांगितले गेले याच्या आहेत.

यातले सर्वांत वादग्रस्त प्रकरण अंटार्क्टिकातले. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडहून निघालेले पर्यटकांचे डीसी-१० विमान माउंट एरेबसच्या उतारावर आदळले आणि विमानातले सर्व २५७ जण गेले. मंजूर मार्ग या पर्वतावरूनच जाणारा होता. पण १९७८मध्ये फ्लाइट प्लॅन संगणकात भरताना शेवटच्या बिंदूचा रेखांश चुकला. १६६ अंश ४८ मिनिटांच्या जागी १६४ अंश ४८ मिनिटे पडले. या एका अंकाने मार्ग पर्वत सोडून पश्चिमेला, मॅकमर्डो साउंडच्या सपाट समुद्रबर्फावर नेला. सुमारे चौदा महिने तो तसाच राहिला. अपघाताआधीच्या ब्रीफिंगमध्ये वैमानिकांना दाखवलेला प्लॅन याच आकड्यांचा होता.

उड्डाणाच्या पहाटे कंपनीच्या नॅव्हिगेशन विभागाने शेवटचा बिंदू दुरुस्त केला. करणाऱ्यांच्या समजुतीने हा फरक जेमतेम दोन नॉटिकल मैलांचा होता. प्रत्यक्षात तो सुमारे २७ मैलांचा होता, आणि मार्ग पुन्हा पर्वतावर आला. वैमानिकांना कोणी कळवले नाही. सकाळी हाती आलेले आकडे त्यांनी आयएनएसमध्ये बिनचूक भरले.

पहिल्या अधिकृत अहवालाने दोष वैमानिकांवर ठेवला: जागेची खात्री नसताना ते ठरलेल्या किमान उंचीच्या खाली उतरले. १९८१च्या चौकशी आयोगाने हा निष्कर्ष उलटवला आणि न कळवता केलेला बदल हेच प्रमुख कारण धरले. कंपनीने पुरावे दडपल्याचा आयोगाचा ठपका पुढे अपिलात टिकला नाही, कारण संबंधितांना बाजू मांडायची संधी दिली गेली नव्हती. अपघाताच्या कारणाबद्दल आयोगाने जे म्हटले होते ते मात्र कोणत्याही न्यायालयाने रद्द केले नाही. उंचीचा मुद्दा आजही काढला जातो, आणि तो खोटा नाही. पण ते १,५०० फुटांवर उतरले ते आपल्याखाली सपाट बर्फ आहे या खात्रीने. समोरचा पांढरा उतार ढगाखालच्या प्रकाशात त्यांना दिसणे शक्य नव्हते. शिवाय एक गोष्ट फार थोड्या वेळा सांगितली जाते. आयोगापुढच्या साक्षीनुसार कॅप्टनने आदल्या रात्री घरी बसून मार्ग नकाशावर आखला होता. म्हणजे पडताळणी झाली होती. ते झोपेत असताना त्या पडताळणीखालचे आकडेच बदलले गेले. सरकारने माफी मागितली ती २०१९मध्ये, चाळीस वर्षांनी.

१ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेले बोइंग ७४७ सोव्हिएत हद्दीत भरकटले आणि पाडले गेले. २६९ जणांचा मृत्यू झाला. ऑटोपायलट ठरावीक दिशेवर राहिला, आयएनएसशी जोडला गेला नाही, आणि हे तासन्‌तास कोणाच्या लक्षात आले नाही, असा निष्कर्ष दहा वर्षांनी निघाला. जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याची घोषणा याच घटनेनंतरची.

१९८९मध्ये ब्राझीलमध्ये एका विमानाच्या फ्लाइट प्लॅनवर ‘०२७०’ छापले होते. अर्थ होता २७.० अंश, म्हणजे जवळजवळ उत्तर. कॅप्टनने २७० लावले आणि विमान पश्चिमेला निघाले. को-पायलटने प्लॅन न बघता कॅप्टनच्या यंत्रावरचा आकडा आपल्या यंत्रावर घेतला. इंधन संपून विमान अ‍ॅमेझॉनच्या जंगलात उतरले. दोन यंत्रांवर एकच आकडा दिसला म्हणून तो दोनदा तपासला गेला असे होत नाही.

मार्च २०१५मध्ये सिडनीत हेच वेगळ्या रूपात घडले. क्वालालंपूरला निघालेल्या ए-३३०मध्ये उभ्या जागेचा रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ मिनिटे भरला गेला. चूक ११,००० किलोमीटरहून अधिक. विमानातल्या तिन्ही इनर्शियल युनिट्सनी तीच जागा मान्य केली. इशारे आले, पण त्यांचा अर्थ लागला नाही. विमान अखेर मेलबर्नला उतरवावे लागले.

म्हणूनच उत्तर अटलांटिकवर अजूनही सांगतात की एकाने भरावे, दुसऱ्याने स्वतंत्रपणे मूळ कागदावरून वाचावे, दोन बिंदूंमधली दिशा आणि अंतर जुळवावे, आणि वेपॉइंट ओलांडल्यावर सुमारे दहा मिनिटांनी जागा नकाशावर मांडावी. हे सगळे प्लॅन बरोबर असेल तरच उपयोगी. मार्च २०१९मध्ये लंडनहून ड्युसेलडॉर्फला जायचे विमान एडिनबराला उतरले. वैमानिकांनी मार्ग काटेकोरपणे पाळला होता, मुळात प्लॅनच एडिनबराचा होता.

सप्टेंबर २०२३पासून इराकच्या आसपास खोटे जीपीएस सिग्नल मिळू लागले. आजच्या इनर्शियल यंत्रणा आपली जागा जीपीएसवरून सुधारून घेत असल्यामुळे काही विमानांत मुख्य आणि राखीव अशा दोन्ही यंत्रणा एकाच खोट्या जागेवर गेल्या, आणि वैमानिकांना कंट्रोलरकडून दिशा मागून घ्यावी लागली. विमानाला रेडिओ सिग्नलने दिशा दाखवणारी जमिनीवरची व्हीओआर केंद्रे हा यावरचा स्वतंत्र पुरावा असतो. जीपीएस आहे म्हणून अनेक देश ती गेली काही वर्षे कमी करत आले आहेत, आणि खर्च वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय आता तरी थांबवून पुन्हा तपासायला हवा.