लायसोझाइमला बॅक्टेरियाचा प्रतिकार

लायसोझाइम हे अश्रू, लाळ, आईचं दूध आणि अंड्याचा पांढरा बलक यांत असणारं एन्झाइम, बॅक्टेरियाच्या सेल वॉलमध्ये (पेशीभोवतीच्या भिंतीत) म्युरामिक आम्ल आणि ग्लुकोसामाइन ह्या दोन साखरा आळीपाळीनं ओवलेल्या असतात त्यांच्यातला बंध ते तोडतं, मग वॉल ढिली पडते आणि पेशी आतल्या दाबानंच फुटते. पांढऱ्या बलकाचा जंतुनाशक गुण लाश्चेन्को या संशोधकानं १९०९ मध्येच नोंदवला होता, तरी शोधाचं श्रेय बहुतेक जण अलेक्झांडर फ्लेमिंगला (१९२२) देतात आणि ते बरोबरच वाटतं, कारण नाव आणि कृती दोन्ही नीट मांडली ती त्यानं. त्याच्या प्रयोगात अश्रू टाकल्यावर मायक्रोकॉकस या जंतूचं दुधाळ द्रावण दोनेक मिनिटांत नितळ झालं, पण रोग करणाऱ्या बऱ्याच जंतूंवर तेवढा परिणाम दिसेना. ते का, हा या नोंदीचा विषय.

सगळ्यात चांगला अभ्यास झालाय तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस या रोगकारक जंतूचा. तो ओएटीए नावाच्या एन्झाइमनं म्युरामिक साखरेच्या सहाव्या कार्बनवर अॅसिटिल हा छोटा रासायनिक गट चिकटवतो, मग साखळी लायसोझाइमच्या कापणाऱ्या खाचेत बसतच नाही. ओएटीएचा जीन जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटानं २००५ मध्ये दाखवला, पण प्रतिकारक बनलेल्या मायक्रोकॉकसच्या वॉलमध्ये अॅसिटिल वाढतं हे १९५८ मध्येच छापून आलं होतं, तेव्हा मूळ कल्पना त्या जुन्या कामाची म्हणायला हवी. नुसता ओएटीए काढून भागत नाही, वॉलला जोडलेलं टायकॉइक आम्ल हे लांब साखळीचं द्रव्यही गेलं की जंतू खरा हतबल होतो. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस उलटं करतो, ग्लुकोसामाइनवर मुळात असलेला अॅसिटिल काढूनच टाकतो (हे २००० मध्ये दिसलं).

ग्राम-निगेटिव्ह जंतूंना (ज्यांच्या वॉलबाहेर आणखी एक पडदा असतो) तो बाहेरचा पडदा आधीच वाचवतो, शिवाय त्यांच्यातल्या ई. कोलायकडे आयव्ही हे प्रोटीन आहे जे आपली एक घडी थेट लायसोझाइमच्या खाचेत घुसवून ते बंद पाडतं. हे प्रोटीन मुळात यजमानाविरुद्धच (ज्याच्या शरीरात जंतू राहतो त्याच्याविरुद्ध) बनलं का यावर मात्र एकमत नाही, कारण ते जंतूच्या स्वतःच्या वॉल कापणाऱ्या एन्झाइमांनाही आवरतं असं पुढे दिसलं. आयव्ही काढलेला ई. कोलाय एरवी ठीक असतो, बाहेरचा पडदा सच्छिद्र केला तरच लायसोझाइमला जास्त बळी पडतो, पण शरीरात लॅक्टोफेरिन हे प्रोटीन पडदा सैल करतंच, म्हणून संरक्षणाची बाजू जास्त पटते.

मायकोबॅक्टेरियात (क्षयाचा जंतू याच गटातला) म्युरामिक साखरेवर ग्लायकोलिल हा वेगळा गट असतो, लायसोझाइमपासून बचावाला त्याचाही उपयोग होतो.