अनुस्फुरक प्रतिपिंडे

रोगप्रतिकारक पेशींवरील ठरावीक ग्राही (विशिष्ट रेणू धरणारी पृष्ठभागावरील प्रथिने) ओळखण्यासाठी फ्लुओरेसंट, म्हणजे प्रकाश शोषून वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश देणारा (अनुस्फुरक), रंजक जोडलेली प्रतिपिंडे. फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्रात पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकामागून एक लेसरसमोरून जातात. ज्या पेशीवर प्रतिपिंड बसलेले असते, ती रंजकाच्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश देते आणि तो संवेदक टिपतो. सेकंदाला हजारो पेशी अशा तपासता येतात. येथे प्रत्यक्ष मोजला जातो तो पेशीला चिकटलेला रंजक. ग्राहीविषयीचे विधान त्यावरून केलेले अनुमान असते.

प्रतिपिंडाला रंजक जोडण्याच्या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. जॉन मॅरॅक यांनी १९३४ मध्ये विषमज्वर व पटकी यांच्या जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांना लाल ॲझो रंजक जोडून दाखवला. रंजक जोडल्यावरही प्रतिपिंडाची विशिष्टता टिकते हे त्यातून दिसले, म्हणून काही लेखक इतिहासाची सुरुवात तेथून करतात. परंतु तो रंजक फ्लुओरेसंट नव्हता. अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये न्यूमोकॉकस या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडाला अँथ्रासीनचा गट जोडला. त्याचा प्रकाश निळा होता आणि ऊतींचा स्वतःचा प्रकाशही निळसर असल्याने दोन्ही वेगळे ओळखणे कठीण जाई. पुढच्याच वर्षी त्यांनी हिरवा प्रकाश देणाऱ्या फ्लुओरेसीनकडे वळून ही अडचण दूर केली. अनुस्फुरक प्रतिपिंडांचे श्रेय कून्स यांना देणेच अधिक योग्य वाटते. फ्लुओरेसीन आयसोथायोसायनेट (एफआयटीसी) हे तुलनेने स्थिर व हाताळण्यास सोपे संयुग १९५८ मध्ये वापरात आले आणि आजही प्रचलित आहे.

फ्लो सायटोमीटर या यंत्राच्या बाबतीत वाद अधिक आहे. म्युन्स्टर येथील वोल्फगांग ग्योहडे यांनी १९६८ मध्ये फ्लुओरेसन्सवर आधारित यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. या पद्धतीला तेव्हा ‘इम्पल्स सायटोफोटोमेट्री’ म्हणत. स्टॅनफर्ड येथील लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९६९ मध्ये फ्लुओरेसन्सनुसार पेशी वेगळ्या करणारे यंत्र वर्णिले. ग्योहडे यांचा पहिला उपयोग डीएनएच्या मोजमापासाठी होता, तर १९६९ च्या स्टॅनफर्ड शोधनिबंधात पेशीच्या आतील फ्लुओरेसन्स मोजलेला आहे. ग्राहींच्या शोधापुरते पाहिले, तर याच गटाचे १९७२ मधील काम अधिक महत्त्वाचे ठरते. प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटते तो पदार्थ) बांधणाऱ्या पेशी वेगळ्या काढून त्याच पुढे प्रतिपिंडनिर्मिती करतात, हे त्यांनी दाखविले. ‘फ्लो सायटोमेट्री’ हे नाव १९७६ मध्ये फ्लोरिडातील पेन्साकोला येथील परिषदेत रूढ झाले असे मानतात.

जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर अनुस्फुरक प्रतिपिंडे वापरण्याची रीत मात्र या यंत्रांहून जुनी आहे. ग्योरान म्योलर यांनी १९६१ मध्ये उंदराच्या पेशींवर ती सूक्ष्मदर्शकाखाली वापरली होती. १९७१ मध्ये आढळले, की द्विसंयुजी (दोन टोकांनी पकडणारे) प्रतिपिंड बसल्यावर लसिकापेशी या पांढऱ्या रक्तपेशीवरील इम्युनोग्लोब्युलिन ग्राही एका टोकाला टोपीसारखे गोळा होतात आणि नंतर पेशीच्या आत ओढले जातात. म्हणजे मोजमापाची क्रियाच मोजायच्या गोष्टीला हलवते. पेशी बर्फावर ठेवून, पेशीची ऊर्जानिर्मिती रोखणारे सोडियम ॲझाइड मिसळून रंगविण्याची पद्धत यातूनच आली. सीसीआर७ सारख्या केमोकाइन (पेशींना दिशा दाखवणारी प्रथिने) ग्राहींसाठी मात्र अनेक प्रयोगशाळा ३७ अंश से. तापमानाला रंगवतात, कारण थंडीत संकेत फिका पडतो. एकच नियम सर्व ग्राहींना लावणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

क्योलर व मिलस्टाइन यांच्या हायब्रिडोमा तंत्राने (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीचा कर्करोगपेशीशी संकर; १९७५, नोबेल पारितोषिक १९८४) एकाच एपिटोपला (रेणूवरील प्रतिपिंड बसण्याच्या जागेला) बसणारी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली, प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली. एकाच रेणूविरुद्धच्या निरनिराळ्या क्लोनना (अशा एका पेशीवंशाच्या प्रतिपिंडांना) निरनिराळी नावे पडून गोंधळ वाढला, तेव्हा १९८२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या कार्यशाळेपासून पेशीपृष्ठावरील रेणूंना सीडी हे प्रमाणित क्रमांक देण्यास सुरुवात झाली. क्रमांक रेणूला असतो, क्लोनला नव्हे. दोन क्लोन एकाच ग्राहीवर वेगवेगळ्या जागी बसू शकतात. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध दिलेल्या रुग्णात सीडी२० वरील जागा औषधानेच व्यापलेली असू शकते आणि ग्राही असूनही पेशी ऋण (ग्राही नसलेली) दिसते. डाराट्युमुमॅब हे औषध व सीडी३८ यांच्याबाबतही तेच घडते.

रंजकांमध्ये १९८२ मध्ये आलेले फायकोएरिथ्रिन (पीई) हे लाल शैवालांपासून मिळणारे प्रथिन विशेष उल्लेखनीय आहे. ४८८ नॅनोमीटरचा एकच लेसर एफआयटीसी व पीई या दोघांनाही उद्दीपित करतो. प्रकाश मात्र अनुक्रमे सुमारे ५२० व ५७८ नॅनोमीटरला मिळतो. दोन्ही वर्णपट एकमेकांत मिसळतात, म्हणून गणिती वजावट करावी लागते; तिला ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. पीई-सायनीन ७ यांसारख्या जोडरंजकांत ऊर्जा एका रंजकाकडून दुसऱ्याकडे जाते. प्रकाशाने जोड बिघडली, की निव्वळ पीईचा संकेत वाढतो आणि नसलेला ग्राही असल्याचा भास होतो. विरळ ग्राहीसाठी तेजस्वी रंजक व विपुल ग्राहीसाठी फिका रंजक निवडणे ही सर्वमान्य रीत आहे. पूर्ण वर्णपट टिपणाऱ्या यंत्रांवर २०२० मध्ये ४० रंगांचा एकत्रित संच प्रसिद्ध झाला.

मोनोसाइट, नैसर्गिक मारक पेशी इत्यादींवर प्रतिपिंडाच्या एफसी भागाला (प्रतिजन धरणाऱ्या टोकांच्या विरुद्ध बाजूच्या शेपटीला) धरणारे सीडी१६, सीडी३२ व सीडी६४ हे ग्राही असतात. त्यांना आधी अडवले नाही, तर प्रतिपिंड चुकीच्या टोकाने चिकटते. मृत पेशीही प्रतिपिंडे शोषतात, म्हणून त्या ओळखणारा स्वतंत्र रंजक घालतात. नियंत्रण म्हणून आयसोटाइप प्रतिपिंड (त्याच वर्गाचे, पण नमुन्यातील ग्राहीला न बसणारे) घ्यावे की एक रंजक वगळलेला संच, यावर मतभेद आहेत. ऋण व धन यांची सीमा आखण्यासाठी दुसरा पर्याय अधिक विश्वासार्ह मानण्याकडे अलीकडचा कल दिसतो.

एचआयव्ही संसर्गात सीडी४ पेशींची मोजणी आणि रक्ताच्या कर्करोगांचे वर्गीकरण हे प्रमुख वैद्यकीय उपयोग होत.

टी पेशी या लसिकापेशीचा ग्राही कोणत्या प्रतिजनासाठी आहे, हे सर्वसाधारण प्रतिपिंडांनी कळत नाही; सीडी३ विरुद्धचे प्रतिपिंड फक्त पेशी टी प्रकारची असल्याचे सांगते. त्यासाठी १९९६ पासून एमएचसी रेणू (टी पेशींना प्रतिजनाचे तुकडे दाखवणारा) व पेप्टाइड (तसा तुकडा) यांचे चतुष्क, म्हणजे टेट्रामर, रंजक जोडून वापरतात. पेशींचा उपप्रकारही एकाच वेळी कळावा म्हणून बहुधा आधी टेट्रामर आणि मग सीडी८ व इतर प्रतिपिंडे घालतात, कारण सीडी८ विरुद्धचे काही क्लोन टेट्रामरच्या बंधनात अडथळा आणतात.