स्मिथ, मॅथ्यू

स्मिथ, मॅथ्यू : (जन्म 1966). घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीतले ब्रिटिश गेम-प्रोग्रॅमर. लिव्हरपूलजवळच्या वॉलसीत वाढले. टीआरएस-80 या घरगुती संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकले. झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या 48 किलोबाइट मेमरीच्या आवृत्तीसाठी त्यांनी एकट्याने लिहिलेला ‘मॅनिक मायनर’ हा गेम 1983 मध्ये बग-बाइट या कंपनीने बाजारात आणला. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती.

या गेममध्ये 20 गुहा (एकेका पडद्याचे टप्पे) आहेत आणि प्रत्येकीला नेमके 1024 बाइट. त्यांतले 512 बाइट 32×16 चौकटींचा नकाशा खातो. उरलेल्यांत गुहेचे नाव, फरशा-भिंतींची चित्रे, किल्ल्या आणि पहारेकरी, म्हणजे फिरते शत्रू. स्पेक्ट्रममध्ये चित्रे हलवण्यासाठी वेगळी चिप नाही, सगळा भार 3.5 मेगाहर्ट्झच्या झेड80 या प्रोसेसरवर. थेट पडद्यावरच पुसून पुन्हा काढत बसले तर चित्र लुकलुकते. म्हणून रिकाम्या गुहेची 4096 बाइटची प्रत राखून ठेवलेली असते. ती कामाच्या जागेत उतरवायची, तिच्यावर गेमचा नायक विली आणि पहारेकरी काढायचे, मगच तयार चित्र पडद्याच्या मेमरीत टाकायचे. या दोन नकलांनाच सुमारे 50 मिलिसेकंद, म्हणजे ब्रिटिश टीव्हीच्या अडीच फ्रेम लागतात. विलीची चाल जरा अडखळती दिसते ती त्यामुळे. त्याची चित्रे दोन-दोन पिक्सेल सरकवून आधीच साठवली आहेत, तेवढाच वेळ वाचतो. टक्कर पिक्सेलनिशी तपासली जाते: पहारेकऱ्याचा एक ठिपका विलीच्या ठिपक्यावर आला की जीव गेला.

पुढे स्मिथ सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या कंपनीचे भागीदार झाले, ‘मॅनिक मायनर’ही सोबत घेऊन. 1984 च्या ‘जेट सेट विली’त 60 खोल्या कोंबायच्या होत्या, म्हणून खोलीला 256 बाइटच आले. चौकटीमागे दोन बिट, म्हणजे नकाशा 128 बाइटांत. पण मग फरशी, भिंत, घातक वस्तू आणि मोकळी जागा एवढेच प्रकार त्यात बसतात. जिने आणि सरकते पट्टे वेगळे नोंदवावे लागले.

गेम पुरेसा तपासला गेला नव्हता, हे उघड आहे. माळ्यावरच्या खोलीत एका बाणाच्या उभ्या स्थानाचा आकडा चुकला होता. बाण पडद्याच्या मेमरीबाहेर काढला जाई, दुसऱ्या खोल्यांची माहिती बिघडे आणि गेम पुरा करणे अशक्य होई. कंपनीने आधी हा विषारी वायूचा मुद्दाम ठेवलेला सापळा असल्याचे सांगितले. नंतर मात्र दुरुस्तीचे ‘पोक’ (मेमरीतला आकडा बदलणाऱ्या आज्ञा) दिले.

‘अटॅक ऑफ द म्युटंट झॉम्बी फ्लेश ईटिंग चिकन्स फ्रॉम मार्स’ची जाहिरात झाली, गेम आलाच नाही. 1988 मध्ये कंपनी बंद पडली.