जुनी लिफ्ट बदलताना: अर्ज, पात्रता, कागदपत्रे आणि व्यवस्थापकाचे काम

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या शहरांतल्या जुन्या इमारतींत आजही जाळीच्या दाराच्या लिफ्ट चालू आहेत. ती लिफ्ट काढून नवी बसवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. महाराष्ट्राच्या 2017 च्या लिफ्ट कायद्याप्रमाणे उभारणीआधी परवानगी आणि उभारणीनंतर चालवण्याचा परवाना, असे दोन्ही विद्युत निरीक्षक कार्यालयाकडून घ्यावे लागतात. परवानगी हातात येईपर्यंत जुनी लिफ्ट उतरवू देऊ नका. कंत्राटदार घाई करतो, आणि मग चौथ्या मजल्यावरची आजी कित्येक आठवडे घरात अडकते.

अर्ज कोणी करायचा? इमारतीच्या मालकाने, म्हणजे सोसायटी, ट्रस्ट किंवा रुग्णालयाने. व्यवस्थापक फक्त प्रतिनिधी असतो, त्याला अधिकारपत्र लागते. जुना परवाना पुष्कळदा बिल्डरच्याच नावावर राहिलेला असतो, तो आधी तपासा. अर्जावर एक नाव आणि परवान्यावर दुसरे असले की फाईल तिथेच थांबते.

सोसायटीत सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. ठरावात रक्कम, कंपनी आणि निक्षेप निधीतून (सिंकिंग फंडातून) किती घेणार हे स्पष्ट लिहा. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा व ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीतले सर्व सदस्य सारखा वाटून घेतात. ‘आम्ही तळमजल्यावर राहतो’ हा मुद्दा निघणारच, उपविधीची प्रत सभेत सोबत ठेवा.

अर्जासोबत मालकीचा पुरावा, मंजूर नकाशा, जुन्या परवान्याची प्रत, ठराव, बसवणाऱ्या कंपनीचे अधिकृततेचे प्रमाणपत्र, शाफ्ट (लिफ्टची उभी पोकळी), पिट (तिच्या तळाचा खड्डा) व मशीनरूमची मोजमापे दाखवणारे नकाशे आणि शुल्काचे चलन तयार ठेवा. जुन्या इमारतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आधीच काढावा, कारण मशीनचा भार वरच्या स्लॅबवर येतो.

नकाशा दाखल होण्यापूर्वी शाफ्ट प्रत्येक मजल्यावर मोजून घ्या. जुना शाफ्ट क्वचितच ओळंब्यात असतो. सगळ्यात अरुंद मजल्याचे माप धरूनच केबिन ठरते. आठ माणसांची लिफ्ट म्हणजे 544 किलो, माणशी 68 किलो. त्या केबिनमध्ये हौसेने 18 मिमी ग्रॅनाइट टाकला, तर दीड चौरस मीटरला सुमारे 70 किलो वजन वाढते, म्हणजे पूर्ण एक माणूस. काउंटरवेट (केबिनला तोलून धरणारे वजन) त्या हिशेबाने बदलले नाही तर मोटर आणि ब्रेक दोन्हींवर ताण येतो. फरशीचा निर्णय ऑर्डरआधीच घ्या आणि तो लेखी द्या.

खान्देशच्या उन्हाकडे दुर्लक्ष नको. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि पत्र्याखालची मशीनरूम त्याहून तापते, कंट्रोलर (लिफ्टचे नियंत्रण पॅनेल) मात्र साधारण 40 अंशांसाठी बनवलेला असतो. एक्झॉस्ट पंखा आणि छताचे इन्सुलेशन कोटेशनमध्येच धरा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करा. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ जोडण्या हव्यात. पिटचे वॉटरप्रूफिंग पावसाआधी उरकले नाही तर बफर (पिटमधला धक्का झेलणारा भाग) पाण्यात उभा राहतो.

तपासणीच्या दिवशी वजने हाताशी हवीत. ब्रेकची चाचणी 125 टक्के भारावर होते: 544 किलोच्या लिफ्टला 680 किलो, म्हणजे सिमेंटच्या 50 किलोच्या 13 गोण्या आणि वर 30 किलो. गोण्या अंदाजाने रचू नका, वजन करूनच आत ठेवा. गव्हर्नर (वेग जास्त झाला की ओळखणारा) आणि सेफ्टी गिअर (तेव्हा केबिन पकडून थांबवणारा) चालतात का, दार उघडे असताना लिफ्ट हलत नाही ना, वीज गेल्यावर एआरडी (बॅटरीवरचे बचाव यंत्र) केबिन जवळच्या मजल्यावर आणते का, हे निरीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीकडून स्वतःसमोर तपासून घ्या.

परवाना मिळेपर्यंत रहिवाशांना लिफ्ट वापरू देऊ नका, कोणी कितीही आग्रह धरला तरी. विमा आणि देखभाल करार त्याच दिवसापासून सुरू झाले पाहिजेत. दोन लिफ्ट असतील तर पहिलीचा परवाना मिळाल्यावरच दुसरी उतरवा.