तोल सावरणाऱ्या स्नायूंची वीज

ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचं, निदान झालं की घरात चर्चा सुरू होते ती कॅल्शियमच्या गोळ्यांची, दुधाची आणि सकाळच्या उन्हाची. तोलाचा विषय सहसा निघतच नाही. खुब्याची दहापैकी नऊहून अधिक फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात. त्यातही कुशीवर पडणं सर्वांत वाईट, कारण मार थेट खुब्यावर बसतो. पासष्टी ओलांडलेल्या तिघांपैकी साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. हाड भरून यायला वेळ लागतो. तोपर्यंत पडायचंच नाही, ही जबाबदारी स्नायूंवर येते.

आपण स्वस्थ उभे असतो तेव्हाही शरीर किंचित झुलत असतं. डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतून येणाऱ्या संवेदना यांचा मेळ घालून मेंदू ते सावरत राहतो. ओल्या फरशीवर पाय सरकला, तर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात पायांचे स्नायू कामाला लागतात, आपल्याला काही कळायच्या आत. वयाबरोबर झटपट आकसणारे स्नायुतंतू जास्त रोडावतात आणि हा प्रतिसाद मंदावतो. त्यात पडण्याची धास्ती बसली की माणूस पोटरी आणि नडगीपुढचा स्नायू दोन्ही एकदमच आवळून धरतो. घोटा ताठ होतो. आधार मिळाल्यासारखा वाटतो खरा, पण ताठ घोट्याला बारीकसारीक सावरासावर जमत नाही. आणि आपण आवळलंय याचा त्या व्यक्तीला पत्ताच नसतो. फिजिओथेरपिस्टने "आजी, पाय सैल सोडा" म्हटलं की उत्तर येतं, "सोडलाय की!"

स्नायूंचं बायोफीडबॅक उपयोगी पडतं ते इथे. स्नायू आकसताना अगदी क्षीण वीज निर्माण होते, मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी इतकी. त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड ती टिपतात. यंत्र तिची पडद्यावर रेघ काढतं किंवा आवाज करतं. आजींना पोटरीची रेघ वर चढलेली दिसते, आणि मग ती खाली आणायची कशी हे त्यांचं त्यांनाच सापडू लागतं.

माणूस या मार्गाने किती बारीक नियंत्रण शिकू शकतो, हे कॅनडातले संशोधक जॉन बास्माजियान यांनी १९६३ मध्ये दाखवलं. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू, एवढ्याच एका घटकाचा विद्युत्संकेत त्यांनी लोकांना ऐकवला आणि दाखवला. काही वेळाच्या सरावाने लोक तो घटक हवा तेव्हा चालू-बंद करू लागले. काहींनी तर त्यावर घोड्याच्या टापांसारखे ठेकेही धरले!

तोलाच्या सरावात उद्दिष्ट साधं असतं. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो, आणि तेव्हा कंबर एका बाजूला कलू न देणारा स्नायू म्हणजे नितंबाच्या कडेचा ग्लुटिअस मेडियस. तो पुरेसा जागा झाला की यंत्र वाजतं. हळूहळू सराव अवघड करायचा: पाय जवळ, मऊ गादीवर, मग मान वळवत. पडद्यावरच्या आकड्याचं मात्र फार कौतुक नको. यंत्र वीज मोजतं, ताकद नाही, आणि इलेक्ट्रोड बोटभर सरकला तरी आकडा बदलतो.

यंत्राची सवय लागणं हाही धोकाच. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, पण तो कधीतरी सोडावा लागतो, तसंच हे. सतत मिळणाऱ्या सूचनेवर विसंबलेली हालचाल सूचना थांबली की ढासळते, हे हालचाली शिकण्यावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून जाणते थेरपिस्ट आवाज आधी दर खेपेला, मग अधूनमधून ऐकवतात आणि शेवटी बंदच करतात. न्हाणीघरात कुठलं यंत्र वाजणार आहे?

पाठीकडेही लक्ष हवं. पोक आला की शरीराचा भार पुढे जातो आणि तोल बिघडतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक रुग्णालयाच्या डॉक्टर मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचे मणके नव्याने चेपले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के होतं, काहीच न करणाऱ्यांपेक्षाही जास्त. गट लहान होते, तरी इशारा स्पष्ट आहे. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कारातलं खाली वाकणं मणके ठिसूळ असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. योगवर्गात हे आधीच सांगून ठेवावं.

यंत्र परवडलं नाही तर? वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित लेखाजोखा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामावरच्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामाने वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात तोलाच्या व्यायामांचा पुरावा भक्कम होता. ऑस्टिओपोरोसिसमधल्या बायोफीडबॅकचे अभ्यास त्यामानाने थोडे आणि छोटे आहेत. ज्यांना आपला स्नायू जाणवतच नाही, त्यांना यंत्राचा खरा फायदा. इतरांनी स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकवून, शेजारी कोणी असताना, एका पायावर उभं राहण्यापासून सुरुवात करावी. पायात मोजे मात्र नकोत.