सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे

‘तुरुंगात गेला की व्यसन आपोआप सुटतं’ हे आपण फार सहज बोलून जातो. हेरॉइन मिळेना, काही दिवस अंग मोडून निघालं, उलट्या-जुलाब झाले आणि मग शरीर ‘शुद्ध’ झालं! खरा धोका तिथूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. राज्यातल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत १२.७ पट होता. अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने मरण्याचा तर १२९ पट.

असं का होतं? हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं आणि ते पेशींवरच्या ‘म्यू’ ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं. हे ग्राही मस्तिष्कस्तंभातही असतात, म्हणजे जिथे श्वासाची लय ठरते तिथेच. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास जोरात व्हायला हवा. मॉर्फिन ही प्रतिक्रियाच मंदावतं. रोज मात्रा घेणाऱ्याच्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. ग्राहींवर फॉस्फेट जोडले जातात, अरेस्टिन नावाचं प्रथिन त्यांना अडवतं, काही ग्राही पेशीच्या आत ओढले जातात. शिवाय सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवणारं एन्झाइम जादा राबू लागतं. म्हणून तोच परिणाम साधायला मात्रा वाढवावी लागते. हीच सहनक्षमता. हेरॉइन थांबलं की ती काही आठवड्यांत ओसरते. ओढ मात्र शिकलेल्या आठवणींत असते, ती तशीच राहते.

सहनक्षमता नुसती पेशींतही नसते, हे मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं. १९८२ साली मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी सवय झालेल्या उंदरांना हेरॉइनची मोठी मात्रा दिली. नेहमीच्या जागी ३२ टक्के मेले, अनोळखी जागी ६४ टक्के, आणि अजिबात सवय नसलेल्यांतले ९६ टक्के. ओळखीची जागा दिसताच शरीर प्रतिकाराची तयारी आधीच करतं. सुटून आलेला माणूस कुठल्या तरी नव्या जागी, लपूनछपून जुनीच मात्रा घेतो, तेव्हा दोन्ही संरक्षणं गेलेली असतात. ‘शरीर शुद्ध करणारे’ काढे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत यातलं काहीच नसतं. नुसतं शुद्धीकरण म्हणजे सहनक्षमता काढून घेऊन ओढ शिल्लक ठेवणं.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही या व्यसनावरची औषधं त्याच ग्राहींवर बसतात, ओढ शमवतात आणि सहनक्षमता टिकवतात. ब्युप्रेनॉर्फिन ग्राहीला घट्ट धरतं, पण अर्धवटच चालू करतं. म्हणून श्वासावरच्या त्याच्या परिणामाला मर्यादा राहते. तरीही कित्येक तुरुंगांत बाहेर सुरू असलेलं हे औषध बंद केलं जातं. बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार कैद्याला मिळावा, असं संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे नेल्सन मंडेला नियम सांगतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ साली आपल्या तुरुंगांत ही औषधं द्यायला सुरुवात केली. नुकतेच तुरुंगातून सुटलेल्यांचे ओव्हरडोसने झालेले मृत्यू २०१६च्या पहिल्या सहामाहीत २६ होते, २०१७च्या त्याच काळात ९.

औषधात एका दिवसाचाही खंड पडायला नको. शुक्रवारी संध्याकाळी सुटका आणि दवाखाना सोमवारी उघडणार असेल, तर मधल्या दिवसांचं औषध दारातच हातात द्यायला हवं. सोबत नालॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा हवा. तो मॉर्फिनला ग्राहीवरून हटवून काही मिनिटांत श्वास परत आणतो. बेशुद्ध माणूस तो स्वतः मारू शकत नाही, म्हणून न्यायला आलेल्या नातेवाइकालाही त्याच वेळी तो वापरायला शिकवावा.