हवाईचा ज्वालामुखी: तिकिटे काढण्याआधी हे वाचा
(अमेरिकेत मुलांकडे जाऊन तिथून हवाईला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

उन्हाळा जवळ आला की आमच्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. "लाव्हा नक्की दिसणार ना?" आणि "होनोलुलूहून एका दिवसात उरकेल ना?" पहिल्याचे उत्तर लांबलचक आहे, ते पुढे देतो. दुसऱ्याचे सरळ उत्तर असे की जाऊन येता येईल, पण ज्यासाठी जायचे तेच बघायचे राहील. अडचण अशी की हा प्रश्न येईपर्यंत मुलाने किंवा सुनेने ऑफर बघून वाइकीकीचे पाच रात्रींचे हॉटेल काढलेले असते, आणि ते पैसे परत मिळणारे नसतात. मग आम्हाला सगळी सहल उलटी बांधावी लागते.

घोळ नावापासूनच सुरू होतो. हवाई हे राज्याचे नाव आहे आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटाचेही. होनोलुलू, वाइकीकी आणि पर्ल हार्बर आहेत ओआहू बेटावर. सतत जागा असणारा किलाउएआ ज्वालामुखी आहे हवाई बेटावर, ज्याला तिथे सगळे बिग आयलंड म्हणतात. दोन्हींमध्ये तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर, आणि तेही बहुतेक समुद्राचे. पूल नाही, प्रवासी बोट नाही. विमानाने जायचे, साधारण पन्नास मिनिटे.

"पन्नासच मिनिटे ना, मग काय?" असे लगेच विचारले जाते. सकाळचे विमान धरलेत तरी बिग आयलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हिलोला उतरून, गाडी ताब्यात घेऊन किलाउएआच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचेपर्यंत अर्धी सकाळ जाते. हिलो विमानतळ ते उद्यान पाऊण तास. दिवसा दिसते ते वाफेचे लोट, काळ्या दगडाचे मैदान, विवराचा प्रचंड खड्डा. तेही बघण्यासारखेच आहे. पण लाव्हाचा खरा रंग अंधारात उठतो, आणि एका दिवसाच्या पाहुण्याला अंधार पडतो न पडतो तोच परतीच्या विमानासाठी गाडी काढावी लागते. म्हणून आम्ही बिग आयलंडवर किमान तीन रात्री सुचवतो आणि त्यातल्या दोन उद्यानाजवळच्या व्होल्केनो गावात किंवा हिलोत ठेवतो. त्याच बेटाची पश्चिमेकडची कोनाची बाजू कोरडी, समुद्रकिनारे सुंदर, हॉटेले मोठी; पण तिथून उद्यान गाडीने दोन-अडीच तास. फोटो बघून कोनाचे हॉटेल घेतले तर तो रस्ता रात्री उलटा कापावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

ओआहूवरच्या डायमंड हेडवर चढून "झाला आमचा ज्वालामुखी" म्हणणारेही असतात. तो ज्वालामुखीच आहे, पण लाखो वर्षांपूर्वी थंडावलेला. चढण छान आहे, वरून समुद्र अप्रतिम दिसतो. राज्याबाहेरच्या पर्यटकांना २०२२ पासून त्यासाठी आधी आरक्षण लागते, तेवढे विसरू नका.

एकाच बेटावर आग आणि बाकीची थंड, असे का? पृथ्वीच्या पोटातला उष्ण भाग साधारण एका जागी आहे आणि त्यावरून पॅसिफिकचा तळ वर्षाला काही सेंटिमीटर वायव्येकडे सरकतो आहे. आचेवरून पापड सरकवत नेला तर भाजल्याचे डाग ओळीने पडतात, तशी ही बेटे पडली. वायव्येकडचे कवाई सुमारे पन्नास लाख वर्षांचे, तर आग्नेय टोकाचे बिग आयलंड दहा लाखांच्याही आतले. त्याच्याही पुढे समुद्रात कामाएहुआकानालोआ नावाचा पुढचा ज्वालामुखी वाढतो आहे; त्याचा माथा अजून पाण्याखाली जवळपास एक किलोमीटरवर आहे. त्याचे बुकिंग आम्ही सध्या घेत नाही.

आपल्या दख्खनचा काळा कातळही अशाच एका उष्ण स्थानातून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर आला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. ते स्थान आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तेव्हा हवाईतला खडक हातात घेऊन "हा तर आपल्या घाटातला दगड" असे म्हणणारे काका चुकत नाहीत. दोन्ही बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक.

आता लाव्हाचे. व्हॉट्सअॅपवर फिरणारा व्हिडिओ, ज्यात लाल लाव्हा थेट समुद्रात पडतो आणि वाफ उसळते, तो बहुधा २०१८ किंवा त्याआधीचा असतो. किलाउएआचा एक उद्रेक १९८३ पासून २०१८ पर्यंत चालला होता. मे २०१८ मध्ये लाव्हा पूर्वेकडच्या वस्तीत फुटला, सातशेहून अधिक घरे गेली, शिखरावरच्या विवराचा तळ खचला आणि उद्यान चार महिन्यांहून जास्त बंद राहिले. समुद्रात पडणारा लाव्हा त्या वर्षी थांबला. तो दाखवा म्हणून आमच्याशी वाद घालू नका.

२३ डिसेंबर २०२४ ला किलाउएआच्या शिखरावर जो उद्रेक सुरू झाला, तो २०२५ भर थांबत-थांबत चालला. लाव्हाचे कारंजे उडायचे, काही वेळा ३०० मीटरच्याही वर. काही तास किंवा एखाद-दोन दिवस चालायचे, मग काही दिवस ते दोन आठवडे शांतता. म्हणजे "ज्वालामुखी चालू आहे" ही बातमी खरी आणि "आम्ही गेलो तेव्हा फक्त धूर होता" हेही खरे. तिथली वेधशाळा १९१२ पासून काम करते, रोजची स्थिती जाहीर करते आणि तिचे कॅमेरे घरबसल्या बघता येतात. पुढचा टप्पा कधी याचा त्यांचा अंदाजही काही दिवसांच्या अंतराचा असतो. तुम्ही तिकीट काढता चार महिने आधी.

म्हणूनच आमच्या पत्रकावर "लाव्हादर्शन हमखास" असे छापलेले तुम्हाला कधीच दिसणार नाही. असे छापणारे आहेत, त्यांचा दरही कमी असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या तीन रात्रींचा हिशेब इतकाच की संधी एका संध्याकाळऐवजी दोन-तीन मिळावी, आणि कारंजे पहाटे दोनला सुरू झाले तर तुम्ही तासाभरात विवराच्या कठड्यापाशी असावे. त्यासाठी हॉटेलचा एखादा दिवस पुढे-मागे करता येईल अशाच अटींवर आम्ही खोल्या घेतो. त्या थोड्या महाग पडतात. लाव्हा दिसला नाही म्हणून आमचे नियोजन शुल्क परत होत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

शेजारचा मौना लोआ ज्वालामुखी ३८ वर्षांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये जागा झाला आणि दोनेक आठवड्यांत निजला. त्याच्यासाठी कोणी सहल आखू नये.

ज्यांना माउई बेटही करायचे आहे त्यांनी तिथल्या हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरचा सूर्योदय जरूर घ्यावा, पण पहाटेच्या प्रवेशासाठी वेगळे आरक्षण लागते. ते आम्ही काढून देतो. उंची ३०५५ मीटर, थंडी कडक. बिग आयलंडवरचा मौना केआ तर ४२०५ मीटर. हृदयविकार किंवा धाप लागण्याचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना आम्ही त्याच्या माथ्यावर नेत नाही. यावर एका कुटुंबाने रागावून बुकिंग रद्द केले होते. नियम तोच आहे.

किलाउएआचा माथा १२०० मीटरवर, महाबळेश्वरपेक्षा थोडा खाली. बर्म्युडा आणि चपला घालून आलेले लोक रात्री कुडकुडतात. स्वेटर, रेनकोट, बंद बूट आणि टॉर्च घ्या. हिलोकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे छत्रीची आशा धरू नका, वारा ती उलटवतो. गंधकाच्या वायूने दम्याच्या रुग्णांना त्रास होतो; तसे असेल तर आम्हाला आधी सांगा आणि पंप हातातल्या पिशवीत ठेवा. कारंज्यानंतर लाव्हापासून झालेल्या काचेच्या सोनेरी तंतूंचे पुंजके रस्त्यावर पडलेले दिसतात. हात लावू नका, आणि लागलाच तर डोळे चोळू नका.

दगड उचलून आणू नका. राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे, आणि स्थानिकांसाठी तिथले विवर हे पेले देवीचे घर आहे. नेलेले दगड लोक घाबरून पोस्टाने परत पाठवतात, हे खरे आहे. शोकेससाठी हवाच असेल तर आपल्या घाटातला घ्या.

फोन करताना हाताशी ठेवा: अमेरिकेतल्या कोणत्या विमानतळावरून निघणार, एकूण किती रात्री, बरोबर कोण आणि त्यांचे वय, दमा किंवा हृदयविकार आहे का, गाडी कोण चालवणार. तिकिटे किंवा हॉटेल काढून झाले असेल तर लपवू नका, त्याची पीडीएफ पाठवा. रद्द करण्याच्या अटी वाचून काय वाचवता येते ते आम्ही सांगतो. त्या वाचण्याचे वेगळे पैसे घेत नाही.